पाण्यातला कच्चा धागा

ही गोष्ट दोन हजार बावीस सालच्या उन्हाळ्यातली. करोना ओसरून माणसं पुन्हा एकमेकांकडे चहाला जाऊ लागली होती. मोशीत जिथे पूर्वी कांद्याची वावरं होती आणि संध्याकाळी गुरं परतताना नाशिक रस्ता धुळीनं भरून जायचा, तिथे उंच इमारतींची रांग उभी राहिली होती. इमारती वाढल्या, माणसं वाढली, पाणी मात्र वाढलं नाही. महापालिकेचं पाणी दिवसाआड यायचं आणि उरलेली तहान टँकर भागवायचे.

स्वरूपाच्या सोसायटीत टँकर यायचा तो सावळारामचा. चाकणच्या अलीकडच्या एका गावचा हा शेतकरी. निम्मी जमीन कारखान्यांच्या रस्त्यात गेली, उरलेल्या तुकड्यात चांगली पाण्याची विहीर होती, म्हणून त्यानं टँकर घेतला. पाणी सोडून झालं की गेटापाशी बसून बिडी ओढायचा. हंगामात भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणून स्वरूपाच्या सासूबाईंना, रुक्मिणीबाईंना द्यायचा. त्याही लातूरकडच्या शेतकऱ्याच्या लेक. दोघांचं पाऊसपाण्यावर बोलणं चालायचं.

स्वरूपा ताथवड्याच्या एका प्रयोगशाळेत होती. पाणी, दूध, खाद्यपदार्थ यांत जंतू आहेत का ते तिथे तपासत. पण सोसायटीला हे कधी नीट कळलं नव्हतं. ‘लॅबवाल्या मॅडम’ म्हटल्यावर लोक तिच्याकडे साखरेचे नि थायरॉइडचे रिपोर्ट घेऊन यायचे. ती सांगायची की आपण रक्त तपासत नाही, जंतूंचा अभ्यास करतो. समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्या आठवड्यात लघवीचा रिपोर्ट आणायचा.

तिचा खरा अभ्यास कुणाला सांगण्यासारखाही नव्हता. जंतू इवलासा असला तरी त्याच्या पोटात प्रथिनं घडवणारी यंत्रं असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. या यंत्राचा सांगाडा आरएनए नावाच्या धाग्याचा असतो. जंतू सांगाड्याचे तीन भाग वेगवेगळे बनवत नाही. तिन्ही एका लांब कच्च्या धाग्यात सलग बाहेर पडतात, मधे आणि टोकांना जादा तुकडे घेऊन. धागा पुरता बाहेर पडायच्या आतच प्रथिनं येऊन त्याला बिलगू लागतात, कात्रीसारखं एक एंझाइम मोठे काप घेऊन भाग सुटे करतं, मग दुसरी एंझाइमं टोकं तासत तासत नेमक्या मापावर आणतात. कापून पडलेले तुकडे जंतू लगेच मोडून नव्या कामाला लावतो. कुठलं टोक कोण तासतं, एवढ्या एका प्रश्नावर स्वरूपाची पीएचडीची वर्षं गेली होती.

लग्न ठरत होतं तेव्हा प्रीतमनं विचारलं होतं की तुम्ही नक्की करता काय. तो चाकणच्या एका फाउंड्रीत इंजिनियर. तिनं त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं होतं. तुमच्याकडे ओतकाम झालं की कास्टिंग झाडासारखं निघतं ना, मधे खोड, फांद्या, आणि फांद्यांना लागलेले पार्ट? पार्ट तोडून सुटे करता, बुडखं कापता, घासून मापावर आणता, आणि कापलेलं परत भट्टीत टाकता. जंतू तेच करतो. आणि पुढे म्हणाली होती, बंद पडलेल्या कंपनीच्या गोडाऊनमध्ये तयार पार्ट कितीही दिवस पडून राहतात, पण बुडखं न कापलेलं ताजं कास्टिंग दिसलं तर समजायचं, भट्टी चालू आहे. तसंच मेलेल्या जंतूतही पक्का धागा बराच काळ टिकतो. कच्चा मात्र फक्त जिवंत जंतूच बनवतो. प्रीतम खूश झाला होता. मित्रांना सांगत सुटला की माझी होणारी बायको फाउंड्रीच चालवते, फक्त सूक्ष्मदर्शकातून बघावी लागते.

तर त्या वर्षी पाडव्यानंतर सोसायटीत लेकरं आजारी पडू लागली. उलट्या, जुलाब, ताप. सोसायटीचे अध्यक्ष उद्धवराव, पिंपरीच्या कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांच्या नातीला सलाइन लावावं लागलं. पाण्याचंच आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि पाण्याचं म्हणजे टँकरचं, यावर तर त्याहून लवकर झालं. जमिनीखालच्या टाकीचं काय, असं कुणीतरी विचारलं, पण ती दिवाळीतच साफ केली आहे असं उद्धवरावांनी सांगितलं. संध्याकाळी बैठक ठेवली. दुपारी उद्धवराव स्वतः स्वरूपाकडे आले. म्हणाले, मॅडम, आपल्यात एवढी मोठी शास्त्रज्ञ असताना बाहेर कशाला जायचं, बैठकीत तुम्हीच सांगा.

इतक्या वर्षांत तिला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नव्हतं.

सकाळच्या टँकरचं पाणी तिनं बाटलीत भरून घेतलं होतंच. ती घाईनं लॅबमध्ये गेली. करोनात नाकातला नमुना ज्या मशीनमध्ये घालत, तसलंच मशीन. त्यात आतड्यातल्या जंतूंचा धागा शोधता येतो. कच्चा धागा शोधायचा तर नमुन्याचे दोन वाटे करावे लागतात. एकाला जंतूंचं खाणं घालायचं, दुसऱ्याला नाही, आणि थोड्या वेळानं दोन्हींत बघायचं. जिवंत जंतू खाणं मिळताच भट्टी पेटवतो, त्या वाट्यात कच्चा धागा वाढतो. मेलेल्याला पंचपक्वान्नं वाढली तरी काही फरक पडत नाही. पण याला वेळ लागतो. पक्का धागा पटकन सापडतो, एका जंतूत हजारोंनी असतो. स्वरूपानं घड्याळ पाहिलं आणि पक्का शोधला. मशीननं भरघोस उत्तर दिलं. नेहमीच्या सवयीनं तिनं थोडं पाणी जंतू वाढवायच्या बशीवरही पसरून ठेवलं, आणि निघाली.

बैठक पार्किंगमध्ये होती. सावळारामला निरोप देऊन बोलावलं होतं. तो टोपी हातात घेऊन खांबापाशी उभा होता, कारण त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती. स्वरूपा उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली की टँकरच्या पाण्यात आतड्यातले जंतू आहेत, भरपूर आहेत.

सावळाराम तिच्याकडेच बघत होता. म्हणाला, “ताई, मी रोज ब्लिचिंग टाकतो. माझ्या हातानं. कुणाला टाकू देत न्हाई.”

मागून कुणीतरी म्हणालं, भाऊ, पावडर जंतूंनाच लावता काय, उकाडा आहे म्हणून. लोक हसले. स्वरूपाही किंचित हसली. मग म्हणाली, “मशीन खोटं बोलत नाही, काका.”

टँकर त्याच दिवशी बंद झाला. उद्धवरावांनी तिच्या नावामागे डॉक्टर लावून मजकूर केला आणि तो त्या रस्त्यावरच्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. एकीनं बंद केला, दुसरीनं केला, आठवडा उलटायच्या आत सावळारामचा टँकर कुणाच्याच गेटातून आत जाईना.

बशीवर मात्र काहीच उगवलं नाही.

स्वरूपानं ती उजेडात धरून पाहिली. कोरी होती. आता हिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिला शंका आली असती. स्वरूपाजवळ शिक्षण होतं, तेव्हा तिला सबब मिळाली. कधीकधी जंतू जिवंत असतात पण क्लोरिननं गारठलेले असतात, बशीवर वाढत नाहीत. पुस्तकात तसं आहे. तिनं बशी निर्जंतुक करायला टाकली आणि कुणाला सांगितलं नाही. पण गारठलेला आणि मेलेला ओळखायचा कसा, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत होतं आणि त्यांतली ती एक होती. तीच गोष्ट ती मनात येऊ देत नव्हती.

लेकरं आजारी पडतच होती. दुसऱ्याचा टँकर येत होता, तरीही. रुक्मिणीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “त्या बिचाऱ्याचा टँकर बंद केलाव ना तुमी? मग लेकरं का बेजार हैत अजून?”

स्वरूपा म्हणाली, आई, आजार अंगात मुरायला वेळ लागतो.

गुरुवारी प्रीतमला सुट्टी असायची. त्या गुरुवारी तो जेवायला बसला असताना आईनं तोच प्रश्न त्याला विचारला. त्यानं सहज बायकोला विचारलं की तू कच्चा धागा बघितला असशीलच ना. स्वरूपा तव्यावरची भाकरी उलटत राहिली. त्यानं घास खाली ठेवला.

“म्हणजे तू गोडाऊन बघून कंपनी चालू आहे म्हणालीस?”

तो रागावला नव्हता. त्याला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. ज्या माणसाला आपण आपलं एकुलतं एक ज्ञान हौसेनं दिलेलं असतं, त्यानं ते जपून ठेवलं आणि आपण गहाण टाकलं, असं तिला झालं. पुढची भाकरी तिच्या हातानं करपली. रुक्मिणीबाई उठल्या आणि तवा त्यांनी आपल्याकडे घेतला.

तपासणी करायची तर ताजं पाणी हवं होतं, आणि ते एकाच माणसाकडे मिळणार होतं.

ती स्कूटर घेऊन एकटीच गेली. हमरस्ता सोडून आत वळल्यावर कंपन्यांच्या भिंती संपतात आणि एकदम जुनं गाव लागतं. घरापुढे चिंचेखाली टँकर उभा होता. त्याच्या चाकांवर चिंचेचा पाला साचला होता. सावळाराम ओट्यावर होता. तो उठला, बाज पुढे ओढून म्हणाला, बसा.

त्या गावात घरी कुणीही आलं, भांडायला का आलेलं असेना, तर आधी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या येतो. कामाचं बोलणं त्यानंतर. स्वरूपाला हे ठाऊक होतं, तिच्या माहेरीही तेच होतं. दारात सावळारामची बायको, गवराबाई, उभी होती. तिनं स्वरूपाला ओळखलं. ती आत गेली नाही आणि हललीही नाही.

सावळाराम म्हणाला, “अगं, पाणी आण.”

“आमच्यातलं पाणी त्यास्नी चालायचं न्हाई,” गवराबाई म्हणाली. “किडं असत्यात त्यात. मशीननं सांगितलंया.”

ऊन रणरणत होतं. स्वरूपाच्या घशाला कोरड पडली होती आणि तिला त्याच घरात पाणी मागायचं होतं, प्यायला नाही, बाटलीत. ते तिनं मान वर न करता मागितलं. आधी जी तपासणी केली ती अपुरी होती, पुन्हा नीट करायची आहे, असं काहीसं पुटपुटली. गवराबाईनं विचारलं की आधी का नाही केली नीट. यावर स्वरूपाजवळ उत्तर होतं, पण ते इतकं लहान होतं की तिला सांगवेना.

सावळारामनं वाद घातला नाही. तो तिला विहिरीवर घेऊन गेला, बादली टाकून पाणी काढलं, एक बाटली तशीच भरली. मग टँकरात नेहमीसारखं पाणी घेऊन, ब्लिचिंग पावडर कालवून, ओतून, तेवढा वेळ तिला चिंचेखाली थांबवून दुसरी भरली. आपलं काम तो नेहमी असंच करत असणार, हे त्याच्या हातांवरूनच कळत होतं. बाटल्या तिच्या पिशवीत ठेवताना तो म्हणाला,

“माझं खोटं निघालं तर आमी टँकर इकून टाकू. पण खरं निघालं, तर मला एकट्याला येऊन सांगू नका, ताई. जिथं बोलला, तिथंच बोला.”

परतताना तिनं सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतलं पाणीही घेतलं. मग जे त्या पहिल्या दुपारी करायला हवं होतं ते केलं. प्रत्येक नमुन्याचे दोन वाटे, एकाला खाणं, एक उपाशी. आणि या खेपेला मशीनला पक्का धागा न विचारता त्या टोकांबद्दल विचारलं, जी फक्त कच्च्या धाग्याला असतात आणि तासली की उरत नाहीत.

विहिरीच्या पाण्यात खाणं मिळालेल्या वाट्यात कच्चा धागा थोडासा वाढला. उघड्या विहिरीत जंतू असायचेच. टँकरच्या पाण्यात पक्का धागा होता, पण कच्चा दोन्ही वाट्यांत नव्हता. सावळारामच्या पावडरनं जंतू मारले होते, मागे फक्त त्यांचं गोडाऊन उरलं होतं. आणि सोसायटीच्या टाकीतल्या पाण्यात, खाणं मिळालेल्या वाट्यात, कच्चा धागा उसळून वर आला. तिथे भट्ट्या धडाडून पेटलेल्या होत्या.

तिनं उद्धवरावांना लगेच गाठलं. त्यांनी कबूल केलं की दिवाळीत टाकी साफ करायची राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी देखभालीच्या नावाखाली टाकी उपसली, तेव्हा ड्रेनेजच्या चेंबरच्या बाजूनं भिंतीला भेग सापडली. ती बुजवली, टाकी घासली, औषध टाकलं. लेकरं बरी होऊ लागली. उद्धवराव म्हणाले, झालं ते झालं मॅडम, आता उगाच गवगवा नको, कमिटीचं नाव जाईल आणि तुमचंही. टँकरवाल्याचं आपण हळूहळू बघू.

स्वरूपाला तेव्हा हायसं वाटलं. नंतर तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या हायसं वाटण्याची.

तिनं ग्रुपवर दोन ओळी टाकल्या: फेरतपासणीत टँकरचे पाणी समाधानकारक आढळले, तरी सर्वांनी पाणी उकळून प्यावे. कुणी केली तपासणी, पहिली कुणी चुकवली, काही नाही. वाक्याला कर्ताच ठेवला नाही. त्याच्याखाली लगेच कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाच्या केकचा फोटो आला आणि ओळी वर सरकून गेल्या.

लोकांनी मात्र आपल्या पद्धतीनं हिशेब लावला. टँकर बंद केला आणि पोरं बरी झाली. लिफ्टमध्ये बायका तिचा हात हातात घ्यायच्या. उद्धवरावांच्या सुनेनं पुरणपोळ्या पाठवल्या. रुक्मिणीबाईंनी डबा उघडला, पाहिला, झाकला आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिला. म्हणाल्या, “मी न्हाई खात. तुला गोड लागत्यात का बघ.” डबा तसाच राहिला, आणि शेवटी पोळ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना घातल्या.

एक मे रोजी झेंडावंदन असतं. सगळी सोसायटी खाली पार्किंगमध्ये उतरते, समोसे असतात. आदल्या दिवशी स्वरूपानं सावळारामला फोन केला. तो एवढंच म्हणाला, बघू.

झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, उद्धवरावांचं भाषण झालं. टाळ्या चालू असतानाच स्वरूपा पुढे गेली. माइक मागितला. उद्धवरावांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माइक क्षणभर सोडला नाही, मग सोडला. गेटापाशी सावळाराम आणि गवराबाई उभे होते. त्याच्या हातात तशीच टोपी होती.

“मी इथंच उभी राहून सावळारामकाकांच्या पाण्यात जंतू आहेत असं सांगितलं होतं,” ती म्हणाली. “ते जंतू मेलेले होते. काकांनीच मारलेले होते. मेलेले की जिवंत ते कसं बघायचं, मला येतं. मी आयुष्यात तेवढंच शिकलेय. पण बैठकीला उशीर झाला असता, आणि मला बैठकीत बोलायचं होतं. म्हणून मी बघितलं नाही. जिवंत जंतू आपल्या टाकीत होते.”

स्वरूपा वाट बघत होती की कुणीतरी गेटाकडे वळून बघेल. पहिला प्रश्न आला तो असा, की टाकीत होते म्हणजे आता आहेत का. दुसऱ्यानं विचारलं, टाकी साफ करायचं काम कुणाकडे होतं. तिसऱ्यानं उद्धवरावांना नाव घेऊन हाक मारली. बघता बघता सगळे टाकीभोवती, म्हणजे टाकीच्या बोलण्याभोवती, गोळा झाले. जो माणूस इतके दिवस त्यांच्यासाठी चोर होता, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

स्वरूपा गर्दीतून वाट काढत गेटापर्यंत गेली. गवराबाई नवऱ्याला म्हणत होती, “ऐकलं. आता चला.”

सावळारामनं टोपी डोक्यावर घातली. तिच्याकडे बघून मान हलवली, ठीक आहे म्हणण्याइतकी. समोसा-चहासाठी थांबला नाही.

त्यानंतर उद्धवरावांनी अध्यक्षपद सोडलं. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या मुलाकडे पिंपळे सौदागरला राहायला गेले आणि तिथल्या सोसायटीत, म्हणतात, पाण्याच्या टाकीची पाहणी ते स्वतः झाकण उघडून करतात. त्यांची नात आता शाळेत जाते. तिला त्या आजारातलं काही आठवत नाही.

प्रीतम त्याच फाउंड्रीत आहे. बायकोच्या कामाचा किस्सा तो आता मित्रांना सांगत नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, तिलाच विचारा.

रुक्मिणीबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या आजारपणात त्यांना ओल्या शेंगा खाव्याशा वाटल्या, तेव्हा स्वरूपानंच सावळारामकडून आणल्या.

सावळारामचा टँकर दोन-तीन सोसायट्यांनी परत सुरू केला, बाकीच्यांनी तोवर दुसरे टँकर लावले होते. बदनामी फिरली होती तेवढा खुलासा फिरला नाही. त्यानं टँकर विकला. विहिरीच्या पाण्यावर गवराबाई मेथी-कोथिंबीर करते आणि चाकणच्या बाजारात बसते.

स्वरूपा अजून ताथवड्यालाच आहे. मशीनचं उत्तर आलं तरी खाणं घातलेला आणि उपाशी असे दोन्ही वाटे बघितल्याशिवाय ती कुणाला काही कळवत नाही. ती धिमी आहे अशी तिच्याबद्दल तक्रार आहे, आणि तिची बढती एकदा हुकली. वर्षातून दोन-तीनदा ती सावळारामकडे जाते. बाज पुढे येते, चौकशी होते, चहाही मिळतो. पाण्याचा तांब्या मात्र गवराबाईनं अजून पुढे ठेवलेला नाही, आणि स्वरूपानं कधी मागितलेला नाही.